पास्कल-गुप्ते समेट

डायलिसिस टेक्निशियन म्हणजे नेमकं काय, हे माझ्या धाकट्या जावेला मी निवृत्त होईपर्यंत कळलं नव्हतं. ती नातेवाइकांत सांगायची, आमच्या जाऊबाई परळच्या हॉस्पिटलात मशीन चालवतात. कसलं मशीन, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही आणि मीही कधी खुलासा केला नाही. लग्नाच्या पंगतीत 'मी लोकांचं रक्त बाहेर काढते, साफ करते आणि परत आत घालते' असं सांगितलं की शेजारची बाई ताट घेऊन सरकते, हे मी अनुभवलेलं आहे.

आता दिवाळी अंकाच्या निमित्तानं एकदाच सांगून टाकते. ज्यांच्या किडन्या काम करेनाशा होतात, त्यांच्या रक्तातली घाण आणि अंगात साठलेलं पाणी मशीननं काढावं लागतं. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. हातात दोन जाड सुया. एकीतून रक्त बाहेर येतं, दुसरीतून परत जातं. वार ठरलेले, वेळ ठरलेली, खाट ठरलेली, त्यामुळे शेजारीही ठरलेला. नवी किडनी मिळेपर्यंत यायचं, नाहीतर मरेपर्यंत यायचं. आमच्याकडे बहुतेक दुसऱ्या वर्गातले होते.

या माणसांना लघवी जवळजवळ होत नाही. प्यायलेलं पाणी अंगातच राहतं, पायांत उतरतं, फुप्फुसात चढतं. म्हणून आल्या आल्या वजन करायचं. मागच्या खेपेपेक्षा जितकं जास्त, तितकं पाणी काढायचं. दुसरी भानगड फळांची. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळं नेतो, केळी नेतो. आमच्या पेशंटना ते विष. त्यातलं पोटॅशियम रक्तात साचतं आणि हद्दीबाहेर गेलं की हृदय बंद पडतं. आधी दुखत नाही, खुपत नाही. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांना शनिवार-रविवार सगळ्यात वाईट, कारण मध्ये सलग दोन दिवस मोकळे जातात आणि नेमकं तेव्हाच घरी पाहुणे असतात, चांगलंचुंगलं शिजतं. सोमवारी सकाळी युनिटचं दार उघडलं की मी आधी कोण आलं नाही ते बघायची.

सोमवारी एखादी खाट रिकामी दिसली तर आमच्याकडे कोणी काही विचारत नसे. हा न लिहिलेला नियम होता. यादीत थांबलेले इतके असत, की त्या खाटेवर त्याच दिवशी नवा माणूस यायचा. बाकीचे एकदा तिकडे बघायचे आणि टीव्हीकडे मान वळवायचे. सुरुवातीला मला हे फार निर्दय वाटे. नंतर कळलं, की त्यांना विचारणं परवडण्यासारखं नव्हतं.

पण म्हणून आमचं युनिट म्हणजे मसणवटा होता असं समजू नका. हिंदमाताच्या एका साडीवाल्या शेठनी सुया टोचलेल्या अवस्थेत व्हिडिओ कॉलवरून पैठण्या विकलेल्या मी पाहिल्या आहेत. शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिकाबाई त्यांना मध्येच सांगायच्या, 'तो जांभळा रंग फोनवर वेगळा दिसतो, गिऱ्हाइकाला फसवू नका.' शेठ कपाळाला हात लावायचे, तोही सुया नसलेला. माणसं चार तास एकमेकांच्या शेजारी पडून राहिली की काहीतरी होतंच. पण ज्या दोघांबद्दल लिहायला बसले आहे, त्यांच्यासारखी जोडी मी पुन्हा पाहिली नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

गुप्ते शिवाजी पार्कचे. विमा कंपनीत हेडक्लार्क होते. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, दोन शब्दांत काम होत असेल तिथे आठ वापरणारे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात मुलगा आणि सून. पास्कल गिरगावातल्या खोताच्या वाडीतले. पूर्ण नाव पास्कल मिरांडा, पण मिरांडा म्हणून हाक मारली की ते मागे वळून बघायचे, वडील आले की काय म्हणून. एका जुन्या आर्किटेक्टच्या ऑफिसात हातानं नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. देह मोठा, आवाज त्याहून मोठा. दोघंही साठी ओलांडलेले. किडनी बदलायचा विषय डॉक्टरांनी दोघांपाशीही काढायचा सोडून दिला होता.

पास्कलना गुप्त्यांच्या शेजारची खाट मिळाली त्या पहिल्या सकाळीच एसीवरून जुंपली. गुप्त्यांना थंडी वाजायची, पास्कलना उकडायचं. मग टीव्हीवरून जुंपली. एकाला क्रिकेट पाहिजे, दुसऱ्याला फुटबॉल. मग खरी मुंबई कुठली यावरून. पास्कल म्हणायचे, तुमचं दादर आत्ता काल झालं, आम्ही इथे इंग्रजाच्या आधीपासून आहोत. गुप्ते म्हणायचे, मग एवढ्या वर्षांत एक मैदान का नाही झालं तुमच्याकडे? महिनाभरात ते अरे-तुरेवर आले. गुप्त्या आणि पास्क्या. बाकीचे पेशंट कानात कापूस घालून यायला लागले. इन्चार्ज सिस्टरनी एकदा मला बोलावून विचारलं, या दोघांचं काही करता येईल का. मी मालवणी घरातली, लालबागला वाढलेली. माझं स्वतःचं तोंड असं आहे, की मी दुसऱ्याला काय सांगणार.

पण त्यांच्या सगळ्या भांडणांखाली एकच खरं भांडण होतं, ते म्हणजे पास्कलच्या पाण्याचं. पास्कलना तहान सोसायची नाही. सगळ्याच डायलिसिसवाल्यांना तहान छळते, पण कोणी लवंग चघळतं, कोणी चूळ भरून थुंकतं. पास्कल प्यायचे. आणि वजन करताना ते दिसू नये म्हणून काट्यावर उभं राहताना मागच्या भिंतीला हळूच हात टेकवायचे. भार भिंतीवर गेला की काटा कमी दाखवतो. कमी दाखवलं की आम्ही पाणी कमी काढणार, पायांत गोळे येणार नाहीत आणि बोलणीही बसणार नाहीत. काढायचं राहिलेलं पाणी मात्र फुप्फुसात बसायचं. सकाळच्या गर्दीत हे माझ्या नजरेतून सुटायचं. गुप्त्यांच्या कधीच नाही. ते आपल्या खाटेवरून मला ओरडून सांगायचे, 'नार्वेकरबाई, त्याचा डावा हात बघा.'

पास्कल भडकायचे. पोलिसांचा खबऱ्या, शाळेतला मॉनिटर, काय वाट्टेल ते बोलायचे. पण हात काढायचे. थर्मासमधून चोरून आणलेला बर्फ चावल्याचा आवाज गुप्त्यांना टीव्हीच्या गोंगाटात ऐकू यायचा. 'थुंक' म्हणायचे, आणि पास्कल त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत थुंकायचे. वाडीतले त्यांचे जुने दोस्त अधूनमधून भेटायला येत. चांगली, जीव लावणारी माणसं. वेफर्स आणायची, एकदा केळ्याची भजी आणली. एका दिवसानं काय होतंय, खा रे बाबा, म्हणायची. पास्कल पुडा उघडायचे आणि शेजारून आवाज यायचा, 'ठेव खाली.' दोस्त अवघडून बघत राहायचे. हा कोण आमच्या माणसावर खेकसणारा, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. पास्कल शिव्या देत पुडा खाली ठेवायचे. दर वेळी ठेवायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

एकदा मी गुप्त्यांना विचारलं, कशाला एवढा जीव जाळता, तुमचंच बीपी वाढतं. त्यांनी मला जे सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं. ते म्हणाले, आजारी पडल्यापासून माझ्याशी घरात कोणी भांडत नाही. मुलगा नाही, सून नाही. मी म्हटलं आज बुधवार, आणि असला मंगळवार, तरी सूनबाई म्हणते, हो बाबा. पूर्वी मुलाशी माझं पेपरमधल्या बातमीवरून वाजायचं, आता तो मान हलवतो आणि आत जातो.

'माणसं गोड बोलायला लागली ना बाई, की समजायचं, त्यांनी आपल्याला धरायचं सोडलं. तो पास्क्या एकटा मला अजून जिवंत समजतो.'

मला तेव्हा ते जरा नाटकी वाटलं होतं. गुप्त्यांना बोलायची आवड होतीच.

मग पास्कलच्या पुतण्याचं लग्न निघालं, वसईला, शुक्रवारी संध्याकाळी. पास्कलना सकाळपासून तिथे हजर राहायचं होतं. त्यांनी आम्हाला फोन करून सांगितलं की ताप आहे, येत नाही. घरी बायकोला सांगितलं की युनिटमध्ये मशीनला लागणाऱ्या पाण्याचा प्लांट बंद आहे, सोमवारी बोलावलंय. त्या आठवड्यात त्यांच्या पायांवर आधीच सूज होती. खेप चुकवली असती तर बुधवारनंतर थेट सोमवार, आणि मध्ये लग्नातलं खाणंपिणं. गुप्त्यांनी रिकामी खाट बघितली, मला विचारलं. आमच्याकडे कोणी विचारत नाही, तरी विचारलं. मी तापाचं सांगितलं. ते हसले. परवाच तो सुटाच्या फिटिंगबद्दल बोलत होता, म्हणाले. सुया टोचलेल्या हातानं फोन हलवता येत नाही, म्हणून माझ्याकडून नंबर लावून घेतला आणि पास्कलच्या बायकोला, ग्रेसीबाईंना, सगळं सांगून टाकलं.

पुढे काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. लग्नघरात, सगळ्या भावकीसमोर, ग्रेसीबाई रडायला लागल्या. नवऱ्या मुलाच्या बापानं, म्हणजे पास्कलच्या थोरल्या भावानं, त्यांना जवळजवळ ढकलत गाडीत घातलं. संध्याकाळच्या शेवटच्या शिफ्टला पास्कल युनिटमध्ये आले ते सुटात, बटणाच्या काजात गुलाब लावलेला. लग्नाची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, तिकडे वसईला चालू असणार तेव्हा इथे मी त्यांचा कोट काढला, शर्टाची बाही वर केली आणि सुया टोचल्या. त्यांनी चार तास छताकडे बघितलं. मला ते बघवत नव्हतं.

सोमवारी ते आले आणि गुप्त्यांच्या खाटेसमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही.

'माझ्या घरच्या माणसांसमोर तू मला लहान पोर केलंस. आजपासून तू मला मेलास,' म्हणाले, आणि माझ्याकडे वळून खिडकीकडची खाट मागितली. ती योगायोगानं मोकळी झाली होती. कशी मोकळी झाली होती, ते तुम्ही आता समजू शकता.

त्यानंतर युनिटमध्ये जी शांतता झाली, तिच्यावर सगळे खूश होते. इन्चार्ज सिस्टर खूश, डॉक्टर खूश. साडीवाल्या शेठना फोनवर नीट ऐकू यायला लागलं. गंमत म्हणजे पास्कलचं वजन एकदम सुधारलं. काट्यावर दोन्ही हात छातीशी बांधून उभे राहायचे, आणि मी आकडा मोठ्यानं वाचला की एक क्षण गुप्त्यांच्या खाटेकडे बघायचे. बघ, तुझ्या पहाऱ्यावाचून माझं अडत नाही, असं. गुप्ते पेपर वर धरायचे. पेपरच्या मागे त्यांना बरं वाटायचं की वाईट, मला कळत नसे. दोन्ही असावं.

गुप्ते मात्र उतरायला लागले. मशीनवर असताना बीपी खाली जायचं, डबा तसाच परत जायचा. एकदा मला म्हणाले, एसी फार लावता तुम्ही. मी लगेच कमी केला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच काही गुन्हा केला. तुम्हीही हो म्हणायला लागलात का, म्हणाले. मला हसू आलं आणि मग आलं नाही. पास्कलही फार सुखात नव्हते. फुटबॉल लावला तर बघायचे नाहीत. क्रिकेटच्या वेळी मात्र खिडकीकडून एखादं हुं ऐकू यायचं.

अशाच अबोल्यात उन्हाळा आला. समेटाचा पुढाकार ग्रेसीबाईंनी घेतला. बुटक्या, हसतमुख बाई, फ्रॉक घालायच्या, मराठी अगदी घरगुती बोलायच्या. एका बुधवारी त्या डबा द्यायच्या निमित्तानं गुप्त्यांच्या खाटेपाशी आल्या. मी तिथेच पट्टी बदलत होते. म्हणाल्या, पास्कल घरी नीट बोलत नाही, संध्याकाळी ओट्यावर बसून राहतो. त्याला तुमच्याशी बोलायचं आहे, पण तो स्वतःहून यायचा नाही. तुम्ही रविवारी आमच्याकडे जेवायला या. मी त्याला सांगितलंय, तो नाही म्हणाला नाही.

गुप्त्यांचा चेहरा उजळला तो मी बघितला. येतो, म्हणाले. मग ग्रेसीबाई जरा घुटमळल्या.

'फक्त एक गोष्ट, मिस्टर गुप्ते. माझ्या टेबलावर त्याला काही बोलू नका. काय खातो, किती खातो, काहीच नाही. एक दिवस त्याला सुखानं जेवू दे. तुम्ही परत बोललात तर तो परत तुटेल, आणि मग मी काय करू?'

गुप्त्यांनी शब्द दिला. ग्रेसीबाई डोळे पुसत गेल्या. इन्चार्ज सिस्टरना कळलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जणू मीच घडवून आणलं. सगळ्या युनिटला आनंद झाला. मलाही झाला. ज्याला भांडण मिटणं म्हणतात, त्यात वाईट काय असू शकेल, असंच आपल्याला वाटतं.

शुक्रवारी पास्कलचा रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम वरच्या टोकाला लागलेलं. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, की रविवारी तोंड सांभाळा, फळ नाही, नारळ नाही, काही नाही. पास्कल म्हणाले, येस मॅडम. गुप्त्यांनी पेपर खाली केला होता. त्यांनी ऐकलं, हे मला ठाऊक आहे.

सोमवारी पास्कल आले नाहीत. त्यांच्या वेळेनंतर थोड्या वेळानं वाडीतून फोन आला. पहाटे संडासला म्हणून उठले आणि दारातच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टरांनी लिहिलं. कशानं, ते कोणी तपासलं नाही आणि आता खात्रीनं कोणी सांगू शकणार नाही. ज्याच्या किडन्या गेलेल्या असतात, त्याचं हृदय अनेक कारणांनी बंद पडतं. हे मी त्या दिवशी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं.

गुप्ते सुया टोचून पडले होते. खिडकीकडच्या खाटेवर मुंबई सेंट्रलचा एक नवा माणूस आला, बावरलेला, बायकोचा हात धरून. गुप्त्यांनी तिकडे बघितलं आणि मला खूण करून जवळ बोलावलं. काही विचारलं नाही. रविवारचं सांगायला लागले. त्यांच्या नेहमीच्या आठ शब्दांच्या जागी एकेकच शब्द येत होता, म्हणून मी स्टूल ओढून बसले. चालू मशीनपाशी मी कधी बसत नसे.

दारातच पास्कलनं त्यांना मिठी मारली होती. अबोल्याचा विषय कोणी काढला नाही. त्यांच्याकडच्या बाटली मसाल्यातलं मटण होतं, मैद्याचे तळलेले फुगे होते. पास्कलनं बेतानंच घेतलं. गुप्त्यांना बरं वाटलं. मग ग्रेसीबाईंनी आंबे आणले. भावानं वसईहून पेटी पाठवलेली, त्याच लग्नातल्या रागाची भरपाई म्हणून. त्यांनी सोलून फोडी केल्या आणि नवऱ्याच्या ताटात एक फोड ठेवली. एका फोडीनं काही होत नाही, हे गुप्त्यांना माहीत होतं. पास्कलनं ती खाल्ली आणि त्यांच्याकडे बघितलं.

'मी ताटात बघत राहिलो, बाई. शब्द दिला होता ना.'

पास्कलनं दुसरी घेतली. मग बशीच पुढे ओढली. प्रत्येक फोड तोंडात घालायच्या आधी थांबत होते, गुप्त्यांकडे बघत होते आणि मग खात होते. ग्रेसीबाई समोर बसून हसत होत्या, किती दिवसांनी माणूस जेवतोय म्हणून. एक आंबा संपला, दुसरा झाला. तिसरा पास्कलनं स्वतः हातात घेतला आणि म्हणाले, 'काय रे गुप्त्या, आज पोलीस सुट्टीवर?'

'आणि तुम्ही?' मी विचारलं.

'मी हसलो. म्हटलं, खा रे, तुझं घर आहे.'

त्यांच्या मशीनचा बीपीचा अलार्म वाजायला लागला. मी तो बंद केला, पाय वर उचलून ठेवले, सलाइन दिलं. ते बोलतच होते. मी ओरडलो असतो तर तो थांबला असता, म्हणाले. शिव्या दिल्या असत्या, कदाचित मला घराबाहेर काढलं असतं, पुन्हा दोन महिने बोलला नसता. पण आंबा खाली ठेवला असता. त्याला शेवटी शेवटी आंबा नकोच होता, बाई, तो माझी वाट बघत होता. मी म्हटलं 'खा', तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं मी बघितलं. तरी खाल्ला त्यानं. मीही त्याला धरायचं सोडलं, असंच त्याला वाटलं असणार.

मी त्यांना सांगितलं, आता बोलू नका, बीपी पडतंय.

दफनाला गुप्ते जाऊ शकले नाहीत. त्यानंतर ते वेळेवर येत राहिले. वजन नेमकं, रिपोर्ट चांगले, शेजाऱ्याशी एक शब्द नाही. पास्कलच्या महिन्याच्या मिसेनंतर ग्रेसीबाई काळ्या फ्रॉकमध्ये युनिटमध्ये आल्या. सगळ्या स्टाफला भेटल्या, प्रत्येकीचे हात हातात घेतले. मग गुप्त्यांच्या खाटेपाशी गेल्या. गुप्ते उठून बसायला बघत होते, मी त्यांना धरून ठेवलं, सुया हलल्या असत्या. मला दिसत होतं की ते काहीतरी बोलणार आहेत. महिनाभर त्यांनी त्या बोलण्याची तयारी केली असणार. त्यांना सगळं सांगायचं होतं आणि त्या बाईंच्या तोंडून ऐकून घ्यायचं होतं.

ग्रेसीबाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, 'मी तुमची फार आभारी आहे, मिस्टर गुप्ते. तुम्ही शब्द पाळलात. त्याच्या शेवटच्या जेवणाला तुम्ही त्याला एक वाकडा शब्द बोलला नाहीत. माझ्या हातचे आंबे तो पोटभर जेवून गेला. मला तेवढंच समाधान आहे.'

गुप्त्यांचे ओठ हलले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आंबे ज्या हातांनी सोलले होते, ते हात त्यांच्या खांद्यावर होते, आणि आता खरं बोललं असतं तर ते एकट्या गुप्त्यांच्या अंगावर पडणार नव्हतं. मग म्हणाले, 'आंबे फार गोड होते, वहिनी.' ग्रेसीबाईंनी मान हलवली, डोळे पुसले आणि सगळ्यांना देवाच्या हवाली करून निघून गेल्या.

दार बंद झाल्यावर गुप्त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

'नार्वेकरबाई, तुम्हाला तोंड आहे. तुम्ही तरी मला बोला.'

मी त्यांच्याकडे बघितलं. चार तासांतला दीड तास बाकी होता, बीपी आधीच खाली होतं, माणूस वाळून काटकी झाला होता. मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हटलं, 'तुमची काही चूक नाही, गुप्ते. तुम्ही शांत पडा.'

त्यांनी माझं मनगट सोडलं. 'हो बाई,' म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.